पाच ते सातमधला चोर

"लिही," मामा म्हणाले. "ज्याच्या नजरेतून मुंगी सुटत नाही, ज्याच्या कानाआड कुजबूज जात नाही, ज्याचं नाव ऐकताच गुन्हेगाराच्या पायाखालची जमीन सरकते आणि ज्याच्या तर्कापुढे पोलीस खातंसुद्धा हात टेकतं, असा हा एकमेव, अद्वितीय आणि…"

"मामा, एकमेव आणि अद्वितीय एकच झालं."

"दोन्ही लिही. जरब बसते."

मी दोन्ही लिहिलं. नऊ वर्षं लिहितेय. मामांच्या प्रत्येक प्रकरणाची वही याच मजकुराने सुरू होते, आणि प्रत्येक वेळी ते तो नुकताच सुचल्यासारखा, डोळे मिटून सांगतात. मला तो झोपेतही म्हणता येईल. पण मी मध्येच लिहिणं थांबवलं तर त्यांची लय बिघडते आणि मग सगळं पहिल्यापासून ऐकावं लागतं.

खरी हकिकत अशी आहे. मामा तीस वर्षं टपाल खात्यात चुकलेल्या पत्त्यांच्या टेबलावर होते. पत्ता लागला नाही की पत्र पाठवणाऱ्याला परत, एवढंच काम. निवृत्त झाल्यावर त्यांनी घराच्या पुढच्या खोलीत एक टेबल आणि एक भिंग मांडून गुप्तहेरगिरी सुरू केली, आणि सवयीने प्रत्येक गुन्हा तक्रार करणाऱ्याच्याच घरी परत पाठवायला लागले. त्यांना कशाचाही सुगावा ताबडतोब लागतो आणि तो नेहमी चुकीचा असतो, म्हणून गल्लीत सगळे त्यांना सुगावामामा म्हणतात. त्यांना तो मान वाटतो. नऊ वर्षांत त्यांनी एक सायकल शोधून काढली, ती मालकाने जिथे लावली होती तिथेच होती. हरवलेलं एक मांजर आपल्या पायांनी घरी आलं, तेव्हा मामांनी माझ्याकडून वहीत लिहून घेतलं, "चौफेर दबावामुळे संशयित शरण."

मी त्यांची भाची आणि सहायक. त्यांनी लग्न केलं नाही. आईच्या माघारी त्यांना माझ्याशिवाय कोणी नाही, आणि माझ्याशिवाय त्यांचं पान हलत नाही असं मी सगळ्यांना सांगत असते. एरवी मी एका दातांच्या दवाखान्यात स्वागताच्या टेबलावर बसते. घरी दोन मुलं आहेत, पाळ्यांमध्ये काम करणारा नवरा आहे, आणि अख्खं वर्तमानपत्र मोठ्याने वाचून घेणारे सासरे आहेत, अगदी निविदांसकट. दवाखाना दुपारी एक ते तीन बंद असतो आणि डॉक्टर जेवायला घरी जातात. तेव्हा मी रुग्णाच्या खुर्चीत बसते, वरचा मोठा दिवा लावते आणि मामांच्या प्रकरणांची कच्ची टिपणं पक्क्या वहीत उतरवते. एवढी धावपळ असूनही एकही टिपण मागे राहिलेलं नाही. याचा मला अभिमान होता.

आणि हो, मी लिहिते. म्हणजे कथा लिहिते. त्या सोमवारी सकाळी एका मासिकाच्या संपादकबाईंचा फोन आला होता. वार्षिक अंकात माझ्या कथेची जागा त्यांनी तीन वर्षं राखली होती आणि तिन्ही वर्षं मी ती रिकामी ठेवली होती.

"शनिवारी संध्याकाळी पाचला अंक छपाईला जातोय," त्या म्हणाल्या. "पाचच्या आत कथा माझ्या टेबलावर हवी. नाही आली तर राग नाही हं. पण चौथ्यांदा विचारणार नाही."

राग नाही म्हणाल्या म्हणूनच मला जास्त लागलं. आपल्यालाही कोणी तरी लेखिका समजतं याचा माझ्याकडे तेवढा एकच पुरावा होता, आणि तो शनिवारी पाच वाजता रद्द होणार होता.

"खूप गडबड असते हो माझी," मी म्हणाले.

"असणारच," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

त्याच संध्याकाळी मामांकडे एक गृहस्थ आला. इस्त्रीचा सदरा, काखेत एक जाडजूड वही. तो विमा कचेरीत अधिकारी होता, पण ते त्याने शेवटी सांगितलं. आधी सांगितलं, "मी कादंबरीकार."

"किती कादंबऱ्या?" मी विचारलं.

"पहिली चालू आहे."

"कधीपासून?"

"चार वर्षं."

"कुठवर आलीय?"

"अकरा पानं झालीत," तो म्हणाला. "नायक दारात उभा आहे. आता बेल वाजवणार."

चार वर्षं! मी मान खाली घालून वहीत लिहीत राहिले, कारण मला हसू आवरेना. नायकाला दारात चार वर्षं उभं करणारा लेखक आणि त्याची वाट बघणारं साहित्य. एवढ्या वेळात त्या घरातली माणसं घर बदलून गेली असतील.

"चोरी कशाची झालीय?" मामांनी भिंग पुसत विचारलं.

"वेळेची. रोज दोन तास जातात." त्याने आवाज खाली आणला. "मी पहाटे पाचला टेबलाशी बसतो. दार बंद, फोन बंद, हातात पेन. मान वर करतो तर सात! आणि कादंबरी जिथल्या तिथे."

"डोळा लागत असेल," मी म्हणाले.

"बाई, मी लिहीत असतो. हे बघा." त्याने बोट पुढे केलं. मधल्या बोटाला पेनाचा घट्टा पडला होता.

मामांनी बोट भिंगाखाली धरलं, उलटंसुलटं केलं आणि दीर्घ श्वास घेतला. "शाई," ते म्हणाले. "निळी."

गृहस्थ भारावून गेला. मग त्याने सगळं सांगितलं. घरात जास्तीची खोली एकच. ती त्याने लिहिण्यासाठी घेतली. बायको शिवणकाम करते, तिचं मशीन जेवणाच्या टेबलावर असतं आणि रोज दोनदा उचलून ठेवावं लागतं. या वर्षअखेर कादंबरी झाली नाही तर खोली तिला द्यायची असं ठरलं होतं.

"सुगावा!" मामा उठून उभे राहिले. "हेतू सापडला. बायको."

"हे पत्र परत पाठवल्यासारखं होतंय, मामा," मी म्हणाले.

"आणि ही वही कसली?" मामांनी विचारलं.

गृहस्थाने ती वही दोन्ही हातांनी टेबलावर ठेवली. त्याने गडबडीत असणाऱ्या लेखकांसाठीची एक कार्यशाळा केली होती, दोन दिवसांची, निवासी. तिथे एका मार्गदर्शकाने त्याला सांगितलं होतं की जे मोजाल ते वाढेल. त्या मार्गदर्शकाने स्वतः काय लिहिलंय असं मी विचारलं, तर त्याने कार्यशाळेचं माहितीपत्रक लिहिलं होतं. तेव्हापासून हा गृहस्थ पाच ते सात प्रत्येक हालचालीची नोंद ठेवत होता. वेळ, क्रिया, मनःस्थिती, शेरा, असे चार रकाने. वहीचा क्रमांक अठ्ठावीस.

आणि इथे मी एक गोष्ट कबूल केली पाहिजे. त्या माणसाला मी मनातल्या मनात भरपूर हसले होते, पण वही उघडली आणि माझा जीव विरघळला. काय ते रकाने! काय ती पट्टीने आखलेली समास-रेघ! मी आमच्या वहीत एवढी टापटीप कधी ठेवू शकले नाही.

मामांनी बोटाने ओळी वाचल्या. "पाच वाजून दोन मिनिटं, खिडकी उघडली. पाच-नऊ, पहिलं वाक्य मनात आलं. पाच-पंधरा, वाक्य गेलं." ते थबकले. "पाच-नऊला आलं, पाच-पंधराला गेलं. म्हणजे चोर या सहा मिनिटांत आला! सहायक, ही सगळी वही आपल्या वहीत उतरवून घे. माणूस खोटं बोलेल, नोंद बोलणार नाही."

मी उतरवायला घेतली.

मंगळवारी पहाटे पावणेपाचला आम्ही त्या घरी पोचलो. लिहिण्याच्या खोलीच्या दारावर "लेखन चालू आहे" अशी पाटी होती आणि दाराला आतून जाड बुचाचा तक्ता ठोकला होता, बाहेरचा आवाज आत जाऊ नये म्हणून. बाहेर जेवणाच्या टेबलावर बायको शाळेच्या गणवेशांना काजं करत बसली होती. तोंडात टाचण्या, गळ्यात मोजपट्टी. तिने आम्हाला मानेनेच बसा म्हटलं. सव्वासातला तिला मुलांना उठवायचं होतं, आठला गिऱ्हाइकं यायची होती. तिने आमच्याकडे फारसं बघितलंही नाही.

पाच वाजले. आतून पेन चालल्याचा आवाज येऊ लागला, खरं सांगते, एका क्षणाचीही उसंत नाही. सात वाजेपर्यंत तो माणूस लिहीत होता. मग दार उघडून, केस विस्कटलेल्या अवस्थेत बाहेर आला आणि म्हणाला, "अकराच पानं."

मामांचा पहिला सिद्धान्त भिंतीवरच्या घड्याळाबद्दल होता. बायकोने ते पाच ते सात जोरात पळेल असं करून ठेवलंय, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी आपलं मनगटी घड्याळ शेजारी धरून दोन तास डोळ्यांत तेल घालून पहारा केला होता. दोन्ही घड्याळं सेकंदाला सेकंद बरोबर चालली.

"म्हणजे घड्याळ निर्दोष," मी म्हणाले.

"म्हणजे दोन्ही घड्याळं सामील," मामा म्हणाले आणि आपलं घड्याळ काढून, पुराव्याच्या पिशवीत घालून, पिशवीला गाठ मारली. त्यानंतर तीन दिवस ते मला दर दहा मिनिटांनी वेळ विचारत होते.

दुसरा सिद्धान्त वरच्या मजल्यावरून आला. सहा वाजता छतावर धप्प, धप्प, धप्प असे आवाज सुरू झाले होते. मामांनी ते मोजले. दोनशे बारा भरले. ही सांकेतिक भाषा असून कादंबरीतली वाक्यं वरच्यावर दुसऱ्या लेखकाकडे पोचवली जात आहेत, असं त्यांनी जाहीर केलं आणि जिना चढून गेले. वर एक निवृत्त मुख्याध्यापक राहत होते. ते हाफ पँट घालून, हातात उड्या मारायची दोरी घेऊन दारात आले.

"तुम्ही काय करता?" मामा गरजले.

"उड्या मारतो. डॉक्टरांनी सांगितलंय."

"दोनशे बाराच का?"

"दोनशेच मारायच्या असतात," मुख्याध्यापक म्हणाले. "बाराची सूट देतो, पाय अडकतो म्हणून." मग त्यांनी मामांना आपादमस्तक न्याहाळलं आणि विचारलं, "तुम्ही कोणत्या वर्गात होता?" मामा कोणत्याही गुन्हेगाराला भीत नाहीत, पण ते "सर, मी दुसऱ्या शाळेत होतो" असं पुटपुटत जिना उतरले. मी हे वहीत घेतलं. दुपारी एक ते तीन पक्कं केलं. सोळा पानं झाली. मंगळवार संपला.

बुधवारी चहाचा सिद्धान्त. बायको साडेपाचला दाराबाहेर चहाचा कप ठेवते, त्यात गुंगीचं औषध असणार. "मी स्वतःवर प्रयोग करतो," मामा म्हणाले आणि तिच्याकडून मागून तीन कप प्याले. पावणेसहाला ते खुर्चीत घोरत होते.

"बघितलंस?" सातला उठल्यावर ते विजयी मुद्रेने म्हणाले. "एका माणसाची ही गत, तर त्या बिचाऱ्याची काय होत असेल!"

"मामा, तुम्ही रोजच पावणेसहाला झोपलेले असता."

"मग ती रोजच मला औषध देत असणार," मामा म्हणाले. बायकोने टाचण्या तोंडातून काढल्या, काही तरी बोलावंसं तिला वाटलं असावं, पण तिने त्या परत तोंडात धरल्या आणि कॉलर उलटवायला घेतली.

दुपारी मी दवाखान्यात गुंगीच्या औषधांवर अकरा पानं पक्की केली. घरी जाताना पर्समधली माझी कथा चाचपून बघितली. चौदा पानं होती, घड्या पडून मऊ झालेली. सहा पानं लिहायची होती. शनिवारला तीन दिवस उरले होते आणि मला त्या गृहस्थाचा राग यायला लागला. या माणसाला खोली आहे, दार आहे, दाराला बुचाचा तक्ता आहे, बाहेर चहा येतो, आणि याच्या चोराच्या पाठीमागे मी फिरतेय, जिला धड टेबलही नाही. अशा लोकांना कादंबऱ्या कशाला हव्या असतात? पाटीवर भागवावं.

गुरुवारी मामांनी ठरवलं की आता आत शिरायचं. "चोराला रंगेहाथ पकडायचा. मी पडद्याआड, तू कोपऱ्यात स्टुलावर. आपण दोघंही सगळं टिपून घ्यायचं, म्हणजे दोन साक्षी होतील."

पाच वाजता दार बंद झालं. कादंबरीकार टेबलाशी बसला. सात टोकदार पेन्सिली, दोन पेनं, पायांखाली चौरंग. मामा पडद्याआड, त्यांचे बूट खाली दिसत होते. मी कोपऱ्यात. पेन चालू लागलं. तो काय लिहितोय ते मला दिसत नव्हतं, पण तो लिहीत होता, आणि तो लिहीत असल्याचं मी लिहीत होते. पडद्याआडून मामांची पेन्सिलही खरखरत होती. अर्धा तास गेला. कोणी आलं नाही, कोणी गेलं नाही. एक झुरळ आलं, त्याची तिघांनी नोंद घेतली.

पावणेसहाला दारावर थाप पडली आणि उत्तराची वाट न बघता बायको आत आली. एका गिऱ्हाइकाला असाच पडदा हवा होता आणि तिला माप घ्यायचं होतं. तिने पडदा बाजूला केला. आत मामा, हातात छोटी वही.

"तुम्ही काय करताय?" तिने विचारलं.

"टिपण," मामा म्हणाले.

ती माझ्याकडे वळली. "आणि तुम्ही?"

"नोंद."

मग ती नवऱ्याकडे वळली. "अहो, आणि तुम्ही?"

"नोंद," कादंबरीकार म्हणाला.

तिने तिघांच्या वह्यांवरून नजर फिरवली.

"मग कादंबरी कोण लिहितंय?"

तिने टेबलावरची वही उचलली आणि वाचायला लागली. "पाच-नऊ, वाक्य मनात आलं. पाच-दहा, वाक्य आल्याची नोंद घेतली. पाच-अकरा, शेरा लिहिला, वाक्य चांगलं आहे. पाच-तेरा, मनःस्थितीच्या रकान्यात उत्साही लिहिलं, मग खोडून सावध उत्साही केलं. पाच-पंधरा, वाक्य गेलं. पाच-सोळा, वाक्य गेल्याची नोंद. पाच-वीस, वाक्य का गेलं यावर चिंतन, पुढील पानावर." तिने पान उलटलं. चिंतन साडेतीन पानांचं होतं.

"ही लेखनात धरत नाही मी," कादंबरीकार घाईने म्हणाला. "ही फक्त मोजणी आहे."

"मी दिवसभर मोजते," बायको म्हणाली. "पण मोजल्यावर कापते आणि शिवते. तुम्ही चार वर्षं नुसती पट्टी धरून बसलाय. आणि तो मेला दारात उभा. त्याला आत तरी घ्या!"

मामा पडद्यातून पुढे आले. "बाई, चोर कोण ते सांगा."

"ही वही," ती म्हणाली.

"वही!" मामांनी भिंग वहीवर धरलं. "म्हणजे वहीला साथीदार असणार."

मी हसले. फार दिवसांनी इतकं हसले. डोळ्यांतून पाणी आलं. म्हणजे हा शहाणा रोज दोन तास न लिहिल्याचं लिहीत होता! अठ्ठावीस वह्या! मी हसतच माझ्या वहीत लिहायला लागले, "पाच वाजून त्रेपन्न, प्रकरणाचा उलगडा…"

बायको माझ्या हाताकडे बघत होती. रागाने नाही, एखादं कापड कसं पडतंय ते बघावं तशी.

"तुमच्या किती झाल्या?" तिने विचारलं.

"काय?"

"वह्या."

"त्रेसष्ट," मी म्हणाले. थोड्या अभिमानानेच म्हणाले, सवय असते ना.

"कधी लिहिता? घर, नोकरी, सगळं बघून?"

"दुपारी एक ते तीन. दवाखाना बंद असतो तेव्हा."

"रोज?"

"रोज."

"आणि त्याखेरीज काही लिहिता?"

मी म्हणाले की एक कथा आहे. चौदा पानं झालीत. एका बाईची आहे, ती अठरा वर्षांनी बहिणीकडे चाललीय. भांडण झालेलं असतं.

"मग? पोचली का?"

"अजून नाही. बसमधून उतरलीय. बसस्टॉपवर उभी आहे."

"कधीपासून?"

मी हिशेब केला. मला तो करायचा नव्हता. "तीन वर्षं," मी म्हणाले.

"पाय दुखत असतील तिचे," बायको म्हणाली, आणि पडद्याचं माप घेऊन, वही काखेत मारून निघून गेली.

मी स्टुलावरच बसून राहिले. मला लाज वाटली. नुसती नाही, कानांपर्यंत वाटली. तो माणूस निदान एकटा बसून स्वतःच्या खिडकीची नोंद करत होता. मी नऊ वर्षं दुसऱ्याच्या मूर्खपणाची पक्की प्रत काढत होते, रोज दोन तास, उत्तम दिव्याखाली, मागेपुढे सरकणाऱ्या खुर्चीत, एक माणूस हाक मारायला नसताना. आणि जगाला सांगत होते की मला वेळ नाही. मामांना माझी गरज होती हे खरं. पण माझी बाई बसस्टॉपवरून निघाली असती तर तिला त्या दारात काय म्हणायला लावायचं ते मला ठाऊक नव्हतं, आणि ते ठाऊक नसताना सांकेतिक उड्यांवर सोळा पानं लिहिणं फार सोपं होतं. खरं ते हे.

जिन्यात मी मामांना सांगितलं, "ही वही तुमच्याकडे ठेवा. मी पक्की करणार नाही. आणि शनिवारपर्यंत मी येणारही नाही."

"का?"

"कथा लिहायचीय."

मामांनी डोळे बारीक केले. "हे कारण फारच साधं आहे," ते म्हणाले. "यामागे काही तरी आहे."

गुरुवारी दुपारी एक वाजता मी खुर्चीत बसले, दिवा लावला आणि पंधरावं पान समोर धरलं. पहिली वीस मिनिटं मी सक्शनच्या नळीकडे बघत होते. मग मला आठवलं की मामांच्या वहीत मांजराच्या प्रकरणाची सूची राहिलीय. हात शिवशिवला, इतका की मी तो मांडीखाली घेतला. पावणेदोनला बाई बसस्टॉपवरून निघाली. तीन वाजेपर्यंत ती एक गल्ली चालली. फार वाईट चालली, मी तिला दोनदा परत बोलावलं. शुक्रवारी ती दाराशी पोचली आणि मी तिला बेल वाजवायला लावली, कारण त्या विमावाल्याच्या पंगतीत बसण्याची माझी अजिबात तयारी नव्हती. दार उघडलं. शुक्रवार तिथे संपला.

शुक्रवारी संध्याकाळी शिवणाऱ्या बाईंचा फोन आला. त्यांनी मशीन त्याच खोलीत नेऊन मांडलं होतं आणि पहाटे पाचला नवऱ्याशेजारी बसून गणवेश शिवायला सुरुवात केली होती. वह्या कपाटात, किल्ली त्यांच्याकडे. "आवाजाने यांना नोंद सुचत नाही," त्या म्हणाल्या. "आज पहाटे नायकाने बेल वाजवली. मग दार कोण उघडणार याचा तक्ता काढायला बसले होते, मी तो कागद कापडाचा नमुना म्हणून कापून टाकला."

शनिवारी एक वाजता दवाखाना बंद झाला. मी खुर्चीत बसले. दोन बहिणी आता समोरासमोर होत्या आणि अठरा वर्षांनंतर एकमेकींना काय म्हणायचं ते दोघींनाही सुचत नव्हतं, मलाही नाही. दहा मिनिटांनी प्रतीक्षाकक्षाच्या काचेपलीकडे एक माणूस येऊन बसला. काळा चष्मा, तोंडासमोर दात कसे घासावेत याचं पत्रक, उलटं धरलेलं. पायात मामांचे बूट. मी दिसलं नाही असं दाखवलं. खरं तर पुढे मला ते दिसतही नव्हते. मोठी बहीण दारातून बाजूला झाली, म्हणाली, "पाय किती सुजलेत तुझे," आणि मग मला पेन थांबवता येईना.

दोन वाजून एकेचाळीस मिनिटांनी मी शेवटची ओळ लिहिली. ही वेळ मला ठाऊक आहे कारण ती मामांनी टिपली होती.

मी दार उघडलं तेव्हा ते चष्मा काढून, गुडघ्यावर वही ठेवून बसले होते. बिंग फुटल्याचं त्यांना काही वाटलं नाही. "तू दुसऱ्या गुप्तहेराला जाऊन मिळालीस, अशी माझी खात्री होती," ते म्हणाले. "मी स्वतः पाळत ठेवली. स्वतः नोंद घेतली. बघ."

मामांचं अक्षर मी नऊ वर्षांत पहिल्यांदा बघत होते. टपाल खात्यातलं, गोल, पत्ता लिहावा तसं ठळक.

"१:१२ संशयित खुर्चीत. लिहीत आहे. १:२५ लिहीत आहे. कोणी आलं नाही. १:४० लिहीत आहे. १:५८ संशयित रडली. लिहीत आहे. २:१० लिहीत आहे. २:४१ थांबली."

"दुसरा गुप्तहेर आला नाही," मामा म्हणाले. त्यांच्या आवाजात निराशा होती आणि थोडी सुटकाही. "पण एक-अठ्ठावन्नला तू रडलीस. का?"

"त्या दोघी भेटल्या, मामा."

"कोण दोघी?" त्यांनी पेन्सिल सरसावली. "नावं सांग. पत्ते?"

मी वीस पानं त्यांच्या हातात दिली. म्हटलं, वाचा, पण पाचच्या आत पोचवायचीय. मामांनी भिंग काढलं, पहिल्या ओळीवर धरलं, मग खाली ठेवलं आणि नुसत्या डोळ्यांनी वाचायला लागले. ओठ हलवत, सावकाश. बस आली, बाई उतरली. चौदाव्या पानावर ते थांबले आणि त्यांनी वर बघितलं.

"यात गुप्तहेर कुठे आहे?"

"नाहीये, मामा."

त्यांनी थोडा विचार केला. "बरं," ते म्हणाले आणि पान उलटलं.